पित्त झालंय म्हणजे नेमकं काय झालंय?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३८, राहायला धायरीला. आठ महिन्यांत सहा-सात वेळा रात्री पोटात वरच्या बाजूला जोरात दुखलं, त्यातल्या दोन वेळा उलट्याही झाल्या. फॅमिली डॉक्टरांनी पित्त म्हणून पॅन फॉर्टी ही आम्लाची गोळी सुरू केली, ती चालू असतानाही दुखलं. ऑफिसमधून येताना संध्याकाळी सोनोग्राफी करून घेतली, त्यात खडे नाहीत. रिपोर्टवर ‘जीबी काँट्रॅक्टेड’ एवढंच लिहिलंय. आईला पित्ताशयाचे खडे होते. एक डॉक्टर म्हणतात एंडोस्कोपी करा, दुसरे म्हणतात एमआरसीपी, आणि जाऊबाई म्हणतात, पित्ताशय सरळ काढून टाक, माझं काढलं तेव्हापासून मी सुखी आहे. आता काय करू?

जाऊबाईंचं कदाचित खरंही निघेल, पण आत्ता त्यांचं ऐकू नका. एमआरसीपीसाठीही, म्हणजे पित्तनलिकेच्या एमआरआयसाठी, धावू नका. तुमची सोनोग्राफी अजून झालेलीच नाही असं मी धरतो. का, ते पुढे सांगतो.

चोवीस वर्षं पुण्यात पोटाची ऑपरेशनं करतोय. पित्ताशयाच्या आजाराच्या निदानात सगळ्यात मोठा अडथळा मला विचाराल तर आपला ‘पित्त’ हा शब्द आहे. छातीत जळजळलं की पित्त. आंबट पाणी तोंडात आलं की पित्त. अर्धं डोकं दुखून उलटी झाली की ‘पित्त पडलं, आता बरं वाटतंय’. अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच, आणि त्यावर कोकमाचं पाणी. यातल्या एकाही गोष्टीचा पित्ताशयाशी संबंध नाही. जळजळ जठरातल्या आम्लाची, अर्धशिशी डोक्याची, गांधी ॲलर्जीच्या. पित्ताशयातलं पित्त म्हणजे लिव्हर तयार करतं तो हिरवट-पिवळा रस. तो दिवसाला अर्धा ते एक लिटर तयार होतो आणि त्यातला थोडा, तीसेक ते पन्नास मिली, पित्ताशयाच्या पिशवीत दाट होऊन साठतो. जेवणात तूप-तेल आलं की आतड्यातून एक हार्मोन सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात उतरतं. पेशंट म्हणतो ‘पित्ताचा त्रास आहे’, आम्ही डॉक्टरही तेच ऐकतो आणि आम्लाची गोळी लिहून मोकळे होतो. चूक दोघांची. तेव्हा यापुढे डॉक्टरांकडे गेलात की ‘पित्त’ हा शब्द तोंडातून काढू नका. कुठे, कधी, किती वेळ आणि कसं दुखतं, एवढंच सांगा.

पित्ताशयाच्या दुखण्याला एक ठरलेला स्वभाव असतो. कळ येते ती बरगड्यांच्या मधल्या खळगीत किंवा उजव्या बरगडीखाली. फक्त उजवीकडेच दुखायला हवं असं नाही; निम्मी माणसं पोटाच्या मधोमध हात ठेवतात आणि तिथेच ॲसिडिटीचा गैरसमज सुरू होतो. कळ वाढत वाढत एका पातळीला पोचते आणि तिथेच ठाण मांडून बसते. तिला कळ म्हणतात खरं, पण ती मुरड्यासारखी येऊन-जाऊन नसते. निदान अर्धा तास टिकते, बहुधा एक ते पाच तास. पाठीत, उजव्या खांद्याच्या मागे फऱ्याच्या हाडाखाली जाते. कुशीवर वळून, उठून बसून, शौचाला जाऊन, सोडा पिऊन, कशानेही फरक पडत नाही. मग जशी आली तशी जाते आणि दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत. पुढचे पंधरा दिवस, कधी दोन महिने, काहीच नाही.

याउलट रोज थोडं थोडं दुखणं, जेवल्यावर पोट डब्ब होणं, करपट ढेकर, गॅस, ‘काही खाल्लं तरी जड वाटतं’ ही पित्ताशयाची भाषा नव्हे. ती जठराची किंवा आतड्याची. पोटात खडे असले तरीही.

तुम्ही लिहिलेलं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. आठ महिन्यांत सहा-सात वेळा, रात्री, जोरात, मधले दिवस स्वच्छ. गोळीचा उपयोग नाही. घरात आईला खडे. म्हणून संशय पित्ताशयावर घ्यायला जागा आहे. एवढं निदान कागदावर पेनने लिहूनच होतं, त्याला मशीन लागत नाही.

एक उदाहरण सांगतो. पर्वतीच्या पायथ्याला राहणाऱ्या एक बाई, पन्नाशीच्या, दोन वर्षं ‘ॲसिडिटी’वर गोळ्या खात होत्या. कधी कधी दुखतं विचारलं तर म्हणाल्या, आठवत नाही, पण लिहून ठेवलंय. पिशवीतून कालनिर्णयची गुंडाळी काढली. एकेका तारखेच्या चौकोनात दुधाचे आकडे, गॅस सिलिंडर कधी लावला, धुणंवाली कधी आली नाही, आणि मधूनच लाल पेनने ‘पो’. पो म्हणजे पोट. मी सहा पानं उलटली. सहा ‘पो’पैकी चार संकष्टीला चिकटलेले होते, म्हणजे चतुर्थीच्या पुढच्याच चौकोनात. बाई दिवसभर कडक उपवास करायच्या, फक्त पाणी. रात्री चंद्रोदयाला साडेनऊ-दहा वाजता उपवास सोडायचा, तो साग्रसंगीत: तळण, मोदक, त्यावर तुपाची धार. आणि रात्री एक वाजता कळ. दिवसभर पिशवी भरून राहिलेली, पित्त दाटलेलं. एकदम तूप गेलं, पिशवी जोरात आवळली आणि आतला खडा तोंडाशी जाऊन अडकला. पाचवा ‘पो’ भाच्याच्या लग्नाच्या रात्रीचा होता. सहाव्याला काही कारण सापडलं नाही, आणि तेही नेहमीचंच. प्रत्येक कळेमागे मोदक असतोच असं नाही. कित्येकांना पिठलं-भात खाऊन झोपल्यावरही उठवते. सोनोग्राफीत तीन छोटे खडे निघाले, एक अगदी पिशवीच्या मानेत रुतलेला. दोन वर्षांत त्यांना कुणी तारखा विचारल्याच नव्हत्या.

आता तुमच्या सोनोग्राफीकडे येतो. संध्याकाळी ऑफिसहून येताना केली म्हणता. म्हणजे दुपारचं जेवण झालेलं, चारचा चहा झालेला, बरोबर बिस्किटं. त्या चहातल्या दुधानेही पिशवी आवळते. ‘जीबी’ म्हणजे पित्ताशय, आणि ‘काँट्रॅक्टेड’ याचा अर्थ तोच: पिशवी आकसलेली आहे, आतलं नीट दिसलं नाही. रिकाम्या, चुरगळलेल्या पिशवीत खडे आहेत की नाहीत हे बाहेरून चाचपून सांगण्यासारखं आहे ते. तशी पित्ताशयाच्या खड्यांसाठी सोनोग्राफीइतकी चांगली, स्वस्त आणि निर्धोक तपासणी दुसरी नाही. नीट केली तर शंभरातल्या नव्वद-पंच्याण्णव जणांचे खडे ती पकडते. सीटी स्कॅन महाग असतो म्हणून जास्त चांगला असेल असं लोकांना वाटतं, पण बरेच खडे सीटीत पित्ताच्याच रंगाचे दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. साध्या एक्स-रेत तर फार थोडे.

तेव्हा सोनोग्राफी पुन्हा करायची, सकाळची वेळ घेऊन. रात्री आठला हलकं जेवण, त्यानंतर साधं पाणी सोडून काही नाही. सकाळचा चहा नाही. ‘फक्त अर्धा कप’ही नाही, पुण्यात हा अर्धा कप फार सोनोग्राफ्या बिघडवतो. तंबाखू, मिश्री, च्युइंगम नको, त्याने हवा गिळली जाते. आणि करणाऱ्या डॉक्टरांना सांगा की रात्री कळ येते, पित्ताशयासाठी बघताय. मग ते तुम्हाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून, पिशवीच्या मानेपर्यंत बघतील. खडा हलतो का, त्यामागे काळी सावली पडते का, भिंत किती जाड, पित्तनलिका किती रुंद, हे सगळं त्यात येतं. प्रोब पिशवीवर दाबून ‘इथेच दुखतं का?’ असंही विचारतील. त्याला खरं उत्तर द्या, सोसू नका.

रक्ताच्या तपासण्यांबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. साध्या कळेत लिव्हरचे रिपोर्ट, सीबीसी, सगळं नॉर्मल येतं. त्यामुळे ‘रक्त नॉर्मल म्हणजे पित्ताशय नॉर्मल’ असं होत नाही. पण बारीक खडा पिशवीतून निसटून नलिकेतून गेला असेल तर एसजीओटी-एसजीपीटी हे लिव्हरचे आकडे काही तासांत उसळतात आणि थोड्याच दिवसांत खाली येतात. पंधरा दिवसांनी सवडीने रक्त दिलंत तर तो पुरावा गेलेला असतो. म्हणून पुढची कळ आली की दुसऱ्याच दिवशी सकाळी लिव्हर फंक्शन टेस्ट आणि लायपेज करा. चिठ्ठी आत्ताच लिहून घेऊन पर्समध्ये ठेवा. लायपेज स्वादुपिंडासाठी, ते कमाल मर्यादेच्या तिपटीच्या वर असेल आणि पोटही तसंच दुखत असेल तर घरी थांबायचं नाही.

यानंतर काय, ते काय निघतं त्यावर. खडे दिसले आणि कळही अशीच, तर निदान झालं. एमआरसीपी लागेलच असं नाही. ती तपासणी नलिकेसाठी: लिव्हरचे आकडे वाढलेत, कावीळ झालीय किंवा सोनोग्राफीत नलिका रुंद दिसतेय, तर. नलिका साधारण ६ मिलिमीटरपर्यंत ठीक धरतात, वयानुसार थोडी जास्त चालते. ईआरसीपी हे मात्र नुसतं ‘बघायला’ करायचं काम नाही. दुर्बिणीतून नलिकेत शिरून खडा काढायचा ते तंत्र आहे आणि त्याने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. खडा आहे हे आधी ठरवायचं, मग ईआरसीपी.

उपाशीपोटी केलेल्या सोनोग्राफीतही काही नाही आणि कळा चालूच, हे जरा अवघड प्रकरण. इथे घाई मुळीच करू नये. आधी जठराची दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी; अल्सर निघाला तर प्रश्न तिथेच सुटला. महिना-दोन महिन्यांनी, शक्यतो कळ आली त्याच्या आसपास, पुन्हा सोनोग्राफी. तीन मिलिमीटरपेक्षा बारीक खडे आणि गाळ पहिल्या खेपेला निसटतात, दुसऱ्या खेपेला दिसतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्यांच्यासाठी एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड सगळ्यात बारीक नजरेची तपासणी; जठरातून आत जाऊन पित्ताशयाला जवळजवळ खेटून बघते. आणि अगदी शेवटी हायडा स्कॅन. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात, ते पित्ताबरोबर पिशवीत जमतं, मग पिशवी आवळायला लावून ती किती टक्के रिकामी होते ते मोजतात. साधारण ३५ ते ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पिशवी मंद म्हणतात. पण या आकड्यावरून ऑपरेशन ठरवताना माझा हात जड होतो. ज्यांची कळ अस्सल असते त्यांना फायदा होतो. ज्यांना नुसता गॅस होता त्यांचं पित्ताशय जातं आणि गॅस राहतो. जाऊबाई सुखी झाल्या कारण त्यांच्या कळा पिशवीतून येत होत्या.

याच्या उलट चूकही तितकीच होते. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफी होते, त्यात ‘जीबी कॅल्क्युलस ८ मिमी’, म्हणजे पित्ताशयात खडा, निघतो आणि माणूस घाबरून येतो. त्रास काहीच नाही. अशा मुक्या खड्यांपैकी वर्षाला शंभरात दोघांच्या आसपासच बोलायला लागतात. बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही. त्यांना मी सहसा घरी पाठवतो. अपवाद आहेत: खडा ३ सेंटिमीटरच्या वर, भिंत चुन्यासारखी कडक झालेली, सिकलसेलसारखा रक्ताचा आजार, किंवा १ सेंटिमीटर आणि त्याहून मोठा पॉलिप, म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंतीवरची वाढ. आणि माणूस मूळचा उत्तर प्रदेश-बिहारकडचा असेल तर मी जरा जास्त सावध असतो. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कॅन्सर आपल्याकडच्यापेक्षा बराच जास्त आढळतो आणि माणूस पुण्यात आला म्हणून तो धोका तिकडेच राहत नाही. ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’ ही ओळ मात्र हल्ली रिपोर्टच्या छापील मजकुराचाच भाग वाटावी इतकी येते. तिने रात्री कळ येत नाही.

पावसाळ्यात आणखी एक गोंधळ होतो. डेंगीचा पेशंट, पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी, आणि रिपोर्टवर पित्ताशयाची भिंत जाड, आजूबाजूला पाणी. घरचे विचारतात, ऑपरेशन कधी? कधीच नाही. डेंगीत शिरांमधून पाणी झिरपतं म्हणून भिंत सुजते. ताप उतरला की तीही उतरते. हिपॅटायटिसमध्येही तसंच. रिपोर्ट पित्ताशयाचा असला तरी आजार पित्ताशयाचा असतोच असं नाही.

हे मी स्वतः महागात शिकलोय. शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हा एका रात्री साठीचे, डायबिटीस असलेले एक गृहस्थ आले. वरच्या पोटात दुखणं, घाम, उलटी. मी पोट दाबलं, सोनोग्राफीला पाठवलं, खडे निघाले. मी खूश. सलाइन लावलं, वेदनाशामक दिलं, सरांना फोन करून ऐटीत निदान सांगितलं. सर म्हणाले, ईसीजी? काढला नव्हता. तासाभराने काढला तेव्हा हृदयाच्या खालच्या भागाचा झटका होता. गृहस्थ वाचले, माझ्या हुशारीमुळे नव्हे. खडे त्यांच्या पोटात कित्येक वर्षं निवांत पडून असतील. तेव्हापासून चाळिशीच्या वरचं, डायबिटीसचं, बीपीचं किंवा सिगारेट ओढणारं कुणीही वरच्या पोटाचं दुखणं घेऊन आलं की आधी ईसीजी, मग बाकीचं. तुमचं वय कमी आहे, तरीही एकदा काढून ठेवा; दहा मिनिटांचं काम आहे.

घरगुती उपायांबद्दल. कुळथाचा काढा, पाणफुटीची पानं, ‘भरपूर पाणी प्या, खडा पडून जाईल’, हे सगळं मुतखड्याचं शास्त्र. मुतखडा लघवीच्या वाटेने पडला तर आपण पेढे वाटतो. पित्ताशयाचा खडा ‘पडला’ तर तो नलिकेत पडतो, आणि तिथून कावीळ किंवा स्वादुपिंडाची सूज. तो पिशवीतच असलेला बरा. तेल-लिंबू पिऊन शौचातून हिरवे खडे पाडण्याचे व्हिडिओ तुम्हालाही आले असतील. ते हिरवे गोळे म्हणजे त्याच तेलाचा आतड्यात झालेला साबण असतो. झटपट वजन उतरवण्याचे डाएटही आत्ता नकोत. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन उतरायला लागलं की नवीन खडे व्हायला निमित्त मिळतं.

हे सगळं सवडीने करायचं, पण काही वेळा सवड नसते. कळ सहा तासांच्या वर टिकली, ताप आला, हुडहुडी भरली, डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, किंवा पोटाला हात लावू देवत नाही अशी अवस्था झाली, तर सकाळची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठा. ताप, कावीळ आणि दुखणं ही तिन्ही एकत्र आली तर नलिकेत पू होत असू शकतो, तिथे तासांचा हिशोब असतो. आणि दुखत नसताना हळूहळू चढणारी कावीळ, अंगाला खाज, शी पांढरट मातकट, वजन उतरलेलं, हे पन्नाशीच्या पुढच्या कुणाचं घरात दिसलं तर ‘कावीळ उतरवायला’ नेऊ नका, सर्जनकडे न्या.

तेव्हा तुमच्यापुरतं: या आठवड्यात सकाळची उपाशीपोटी सोनोग्राफी, ईसीजी, आणि पर्समध्ये रक्ताची चिठ्ठी. पॅन फॉर्टी घेऊनही कळेवर फरक नाही, तर ती का चालू ठेवायची हे फॅमिली डॉक्टरांना विचारा. खर्चाची अडचण असेल तर ससून किंवा पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीतही याच क्रमाने तपासतील. रांग लागते, म्हणून लवकर जा आणि उपाशीच जा, त्याच दिवशी नंबर लागला तर फेरी वाचते. जुना रिपोर्ट फेकू नका, फिल्मसकट न्या. आणि आठ महिन्यांच्या तारखा जेवढ्या आठवतील तेवढ्या लिहून काढा. रात्री दुखत असताना कुणाला मेसेज केला असेल तर फोनमध्ये वेळ सापडेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं असेल तर पान फाडून आणू नका, फोटो चालतो. त्या पर्वतीच्या बाईंनी आख्खं कॅलेंडर आणलं होतं, आणि माझं बघून झाल्यावर पहिली काळजी दुधाच्या हिशोबाची केली होती.